डोळे उजेड कसा जोखतात?

जबलपूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर, भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते. भर दुपारी हे कडे शुभ्र दिसतात आणि पौर्णिमेच्या रात्री नावेतून पाहिले तरीही शुभ्रच भासतात. वास्तविक दुपारच्या स्वच्छ उन्हाचा उजेड सुमारे १,००,००० लक्स असतो, तर पूर्ण चंद्राचा जेमतेम पाव लक्स. उजेडात लाखो पटींचा फरक पडला, तरी दगड पांढरा तो पांढराच!

याचे कारण असे की, डोळा प्रकाश मोजीत नाही. तो भोवतालच्या उजेडाशी तुलना करतो. डोळ्याची बाहुली लहानमोठी होते खरी, पण तेवढ्याने आत जाणारा प्रकाश फार तर सोळा पटींनी बदलतो. उरलेले काम मुख्यतः नेत्रपटलातील पेशी करतात. उन्हातून अंधारात आल्यावर त्यांना पूर्णपणे सरावण्यास अर्धा तास लागतो.

आता त्याच नावेत मोबाइल उघडला अशी कल्पना करा. दुपारी अक्षरे नीट दिसणार नाहीत. चांदण्यात मात्र डोळे दिपतील. पडदा तोच, उजेडही तोच. बदलला तो केवळ शेजार.

आपल्या घरातही हेच घडते. दिवे मालवून मुले उजळ पडद्याकडे टक लावून बसतात. त्यामुळे दृष्टी कायमची अधू होते असे नाही. पण पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. म्हणून खोलीत मंद दिवा असू द्यावा. पडद्याशेजारी पांढरा कागद धरून पाहावा : पडदा दिव्यासारखा झळकत असेल, तर उजेड कमी करावा, मळकट वाटत असेल, तर वाढवावा. दर वीस मिनिटांनी क्षणभर खिडकीबाहेर दूर पाहावे.

आणखी एक गोष्ट. वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होते, बाहुलीही लहान राहते. त्यामुळे नातवाला पुरणारा उजेड आजोबांना अपुरा पडतो. ‘एवढा झगझगीत पडदा कशाला?’ असे त्यांना म्हणण्यापूर्वी आपण थोडा विचार करावा. घर एकच असले, तरी प्रत्येकाच्या डोळ्यांचे माप निराळे असते.