कुर्तुबा, गरनाता, इश्बिलिया : पहिल्या सफरीची तयारी

आपल्या पेठेचं 'कसबा' हे नाव अरबी भाषेतून आलं आहे. स्पेनमधल्या ग्रॅनाडा शहरात अल-हमरा महालाला लागून जो जुना किल्ला आहे, त्याला तिथले लोक आजही 'अल्कासाबा' म्हणतात. दोन्ही नावांच्या मुळाशी एकच अरबी शब्द आहे. घरात परदेश सफरीची गोष्ट निघाली, तेव्हा मुलांनी पॅरिस आणि स्वित्झर्लंडची नावं घेतली. आम्ही त्यांच्यापुढे हा एक शब्द ठेवला. त्यावरून चर्चा सुरू झाली आणि शेवटी स्पेनवर सगळ्यांचं एकमत झालं.

अम्मींचं मात्र नाही. त्यांचा सवाल सरळ होता : "ज्या पैशात उमरा होतो, त्या पैशात जुन्या इमारती बघायच्या?" हा प्रश्न अनेक घरांत येईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पृथ्वीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, ही शिकवण कुरआनमध्ये वारंवार आली आहे, हे खरं. पण म्हणून सहल ही इबादतीची जागा घेत नाही. आम्ही असं ठरवलं, की अम्मींच्या उमऱ्याची रक्कम आधी वेगळी काढायची आणि तिला हात लावायचा नाही. स्पेनचा खर्च उरलेल्या बचतीतून, कर्ज न काढता. त्यासाठी सफर एक वर्ष पुढे गेली, तरी चालेल. हे ऐकल्यावर अम्मींनी होकार दिला. सौदी विमान कंपनीच्या जेद्दामार्गे जाणाऱ्या तिकिटावर चार दिवसांचा थांबा घेऊन उमरा करण्याची सोय 2023 पासून सुरू झाली आहे. ज्यांना दोन्ही एकत्र करायचं असेल, त्यांनी तिकीट काढण्याआधी कंपनीकडे नियम विचारून घ्यावेत.

आठ दिवस, तीन शहरं

पहिल्याच खेपेला सगळा युरोप पालथा घालण्याचा मोह टाळावा. आमचा आराखडा असा आहे : मुंबईहून माद्रिद, तिथून रेल्वेने कॉर्डोबा, मग ग्रॅनाडा, मग सेव्हिल आणि परत माद्रिद. कॉर्डोबाला दोन रात्री, ग्रॅनाडाला तीन, सेव्हिलला दोन, माद्रिदला एक. वेगवान गाडीने माद्रिद ते कॉर्डोबा पावणेदोन तासांच्या आसपास लागतात, तर कॉर्डोबा ते सेव्हिल पाऊण तास.

उन्हाळ्यात कॉर्डोबाचा पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून शाळांची दिवाळीची सुट्टी उत्तम. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधी सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे फजरला घाई होत नाही. पण त्या रविवारनंतर नमाजाच्या सगळ्या वेळा एका तासाने अलीकडे येतात. हे वेळापत्रक घरूनच लिहून न्यावं. किब्लाही उलट बाजूला : आपण पश्चिमेकडे तोंड करतो, तिथे पूर्वेकडे करावं लागतं.

कुर्तुबा

तारिक बिन जियाद 711 मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावर उतरले. कुर्तुब्याच्या जामा मशिदीचं बांधकाम पहिल्या अब्दुर्रहमानने 785 च्या सुमारास सुरू केलं आणि पुढच्या दोनशे वर्षांत ती वाढत गेली. आज आत साडेआठशेच्या आसपास खांब आहेत, त्यांवर लाल-पांढऱ्या कमानी. 1236 मध्ये शहर पडलं आणि मशिदीचं चर्च झालं. सोळाव्या शतकात तर मधोमध कॅथेड्रल उभं राहिलं. इक्बाल 1933 साली तिथे जाऊन आले आणि 'मस्जिद-ए-कुर्तुबा' ही नज्म त्यातून जन्मली.

इथे नमाज पढण्याची परवानगी नाही. 2010 मध्ये काही मुस्लिम पर्यटकांनी प्रयत्न केला, तेव्हा सुरक्षारक्षकांशी झटापट होऊन पोलिस आले. मिहराबसमोर उभं राहून मन भरून येईल, हे मुलांना आधीच सांगून ठेवलं आहे. सोबत हेही, की आपण तिथे पाहुणे आहोत. पाहुण्याने मनात दुआ मागावी आणि अदब राखावी. नमाज मुक्कामी येऊन पढावी.

याच शहरात 1126 मध्ये इब्न रुश्द जन्मले. शस्त्रक्रियेवरच्या ग्रंथामुळे युरोपात शतकानुशतकं अभ्यासले गेलेले अल-जहरावी जवळच्या मदीनतुज्जहरा नगरीचे. शहरापासून आठेक किलोमीटरवर तिचे अवशेष आहेत. एक सकाळ त्यासाठी ठेवली आहे.

गरनाता आणि इश्बिलिया

अल-हमराचं बांधकाम 1238 मध्ये सुरू झालं. भिंतींवर 'ला गालिब इल्लल्लाह' हे वाक्य पुन्हा पुन्हा कोरलेलं आहे : अल्लाहशिवाय कोणी विजयी नाही. हे बांधणाऱ्या घराण्याने 2 जानेवारी 1492 रोजी किल्ल्याच्या चाव्या दिल्या. मुलांना त्या भिंतीपुढे वेगळं काही समजावण्याची गरज पडू नये.

तिकिटाबाबत दक्षता हवी. नासरी महालांत तिकिटावर छापलेल्या वेळेलाच आत सोडतात आणि तिकिटं खूप आधी संपतात. म्हणून आधी अल-हमराची तारीख धरायची, बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवायचे. समोरच्या टेकडीवर अल्बायसिन मोहल्ल्यात 2003 मध्ये नवी मशीद सुरू झाली. तिच्या अंगणातून महाल दिसतो. आमची जुम्म्याची नमाज तिथेच व्हावी, असे दिवस आखले आहेत. चढ मात्र दमवणारा आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी टॅक्सी किंवा छोटी बस धरावी.

सेव्हिलचा हिराल्दा हा मुळात मशिदीचा मिनार, 1198 मध्ये पूर्ण झालेला. आत उतरती वाट आहे, म्हणून चढणं सोपं. जवळच्या अल्कासारमध्ये एका ख्रिस्ती राजाने चौदाव्या शतकात मुस्लिम कारागिरांकडून महाल बांधून घेतला, त्यावर अरबी अक्षरंही आहेत. एकत्र राहणं काय घडवतं, ते तिथे दिसतं. आणि ते मोडलं की काय होतं, तेही याच देशात दिसलं : 1492 मध्ये यहुद्यांना देशाबाहेर काढलं, 1609 पासून मुस्लिमांच्या वंशजांना. तांबट आळी, कुंभारवाडा आणि शेख सल्ला यांच्या शेजारात वाढणाऱ्या मुलांनी हे दोन्ही पाहून यावं.

व्हिसा आणि जेवण

शेंगेन व्हिसाचा अर्ज जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. फी मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांना निम्मी. किमान 30,000 युरोचा प्रवास विमा सक्तीचा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट तीन महिने तरी चालू हवा. बँकेचे उतारे, आयकर विवरण, रजा मंजुरीचं पत्र आणि मुलांचे जन्मदाखले एका फायलीत लावावेत. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, हे आधी पाहावं. 'शेख', 'शैख'च्या घरांत हे महत्त्वाचं. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच हॉटेल घ्यावं.

जेवणात तीन शब्द पाठ हवेत : 'सेर्दो' म्हणजे डुकराचं मांस, 'हामोन' म्हणजे त्याचंच खारवलेलं मांस, आणि 'मान्तेका' म्हणजे त्याची चरबी, जी मिठायांतही असते. लोण्याला 'मान्तेकिया' म्हणतात, गल्लत करू नये. मासे, अंड्याचं ऑम्लेट, पालक-हरभरा मिळतो, पण विचारूनच घ्यावं. ग्रॅनाडात मोरोक्कन हलाल खाणावळी आहेत. थालीपीठाची भाजणी आम्ही नेणारच आहोत.

मुलांना बाकी शब्द सोपे जातील. साखरेला 'आसूकार', भाताला 'आरोस', केशराला 'आसाफ्रान', संत्र्याला 'नारांखा', म्हणजे आपलं नारिंगच. आणि 'असं होवो' म्हणायला तिथले ख्रिस्तीही 'ओखाला' म्हणतात. तो शब्दही अल्लाहच्याच नावातून आला आहे.

जंजिऱ्याच्या नाझली बेगम 1908 मध्ये युरोपला गेल्या आणि त्यांनी उर्दूत 'सैर-ए-यूरोप' लिहिलं. तेव्हा असा प्रवास नवाबांच्या घराला परवडायचा. आज मध्यमवर्गीय घरही दोन वर्षं काटकसर करून तो करू शकतं. आमच्याकडे मुलीने वही घातली आहे : डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर प्रत्येक शहराचा इतिहास. उजवं पान भरल्याशिवाय डाव्या पानावरचा पुढचा खर्च मंजूर होत नाही, असा घरचा कायदा आहे. ग्रॅनाडाचं पान सध्या चालू आहे.