आफ्रिकेतील शाळांचे भोजन आणि तेथील शेतकरी

ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चवळी ही पिके आपण घरची मानतो. परंतु त्यांचे मूळ स्थान आफ्रिका खंड होय, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. फार प्राचीन काळी ही धान्ये इकडे आली आणि आपल्याच मातीची होऊन गेली. त्याच खंडातील शाळांत मुलांस दुपारी जे अन्न मिळे, ते मात्र कित्येक वर्षे बव्हंशी परदेशांतून जहाजांनी येत असे. मका व सोयाबीन यांचे मिश्र पीठ, तेलाचे डबे, तांदूळ, असा हा दानाचा माल असे. मुलांची भूक त्याने भागे, यात संशय नाही. पण शाळेच्या कुंपणालगत मका पिकविणाऱ्या शेतकऱ्यास त्या चुलीचा काडीइतकाही उपयोग नव्हता.

२००३ साली आफ्रिकी राष्ट्रांनी शेतीसुधारणेचा एक सामाईक आराखडा मान्य केला. त्याच सुमारास असा विचार पुढे आला की, शाळेतील अन्न आसपासच्या शेतांतूनच घ्यावे. म्हणजे मुलांस जेवण मिळेल आणि त्यांच्या बापास गिऱ्हाईक मिळेल. घाना देशाने २००५ च्या अखेरीस दर प्रांतास एक याप्रमाणे दहा शाळांत प्रयोग आरंभिला व पुढे तो देशभर नेला. तेथील पद्धत अशी की, स्वयंपाकाचा ठेका बहुधा स्त्रियांस दिला जातो. ठेकेदारणीने धान्य, भाजी, तेल व सरपण विकत आणावे, शिजवून वाढावे आणि दर मुलामागे दररोजचा ठरलेला आकार सरकारकडून घ्यावा. या खर्चापैकी ८० टक्के पैसा स्थानिक मालावर खर्च व्हावा, असा मूळ हेतू होता.

पदार्थही ओळखीचे वाटावेत असेच आहेत. ‘वाचे’ म्हणजे तांदूळ व चवळी एकत्र शिजवून केलेला भात. त्यात ज्वारीच्या ताटाची वाळलेली पाने घालतात, त्यायोगे त्यास तांबूस रंग येतो. उत्तरेकडे मक्याच्या किंवा बाजरीच्या पिठाचा घट्ट गोळा, त्यासोबत पालेभाजीचे कालवण. शेवग्याचा पालाही तेथे खातात. शेवगा मूळचा हिंदुस्थानातील. तेव्हा ज्वारी-बाजरीची थोडीशी परतफेड झाली म्हणावयाची!

अशा जेवणाने मुलांच्या शरीरात खरोखर फरक पडतो काय? घानात या योजनेची पद्धतशीर पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. सर्व मुलांची सरासरी धरता उंचीत विशेष वाढ आढळली नाही. परंतु मुलींत व अतिशय गरीब घरांतील मुलांत ती आढळली. आमच्या मते हीच गोष्ट महत्त्वाची आहे, कारण घरचे ताट अपुरे असते तेव्हा कात्री लागते ती बहुधा मुलीच्याच घासास. केनियातील एंबू जिल्ह्यात १९९८ पासून बारा शाळांत झालेला दुसरा एक प्रयोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. मका व घेवडा यांच्या ‘गिथेरी’ नामक उसळीत काही शाळांत मांस घातले, काहींत सोबत दूध दिले, काहींत नुसते तेल वाढविले. मांस मिळालेल्या मुलांचे स्नायू अधिक भरले व बुद्धीच्या चाचणीत ती पुढे गेली. दूध मिळालेल्या लहान व खुरटलेल्या मुलांची उंची वाढली. नुसते पोट भरणे आणि अंगी लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्यांच्या दावणीस गाय आहे, त्यांस हे अधिक सांगणे नलगे.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. ती पावसाची नाही, बियाण्याची नाही. ती बिलाची आहे. ठेकेदारणीस पैसे मागाहून मिळतात, आणि ते महिनोन्महिने थकल्याच्या तक्रारी घानात वारंवार झाल्या आहेत. कधी कधी तर त्यांनी चुली बंद ठेवल्या. महसूल खात्यातील नोकरीत मंजुरीचा कागद आणि हातातील पैसा यांमधील अंतर आम्ही पुष्कळ पाहिले आहे, सबब याचे आम्हांस नवल वाटत नाही. जिच्यापाशी रोकड नाही ती उधार देणाऱ्याकडेच जाणार, आणि लहान शेतकऱ्यास उधारी कशी परवडावी? मळणी होताच त्यास देणी भागवावयाची असतात. तो खळ्यावरच माल देऊन मोकळा होतो. व्यापारी मात्र थांबू शकतो. तो उधारीचे व्याज भावात धरतो, आणि पुष्कळदा पोते देतो ते परदेशी तांदळाचे, कारण घाना आपला बराचसा तांदूळ बाहेरून आणतो. याप्रमाणे जी योजना शेजारच्या शेतासाठी निघाली, तिचा पैसा शेतास वळसा घालून बंदराच्या वाटेने निघून जातो. भाव चढला की कालवण पातळ होते, ते निराळेच. आपल्या शाळांसही तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या गुदामांतून येतो, तेव्हा या बाबतीत आपण त्यांस हसावे असे नाही.

केनियाने २००९ साली वेगळी रीत धरली. सरकारने रक्कम शाळेच्या बँकखात्यात भरावी आणि शाळेच्या समितीने भाव मागवून मका, घेवडा, तेल विकत घ्यावे, अशी ती होती. रक्कम उशिरा पोहोचल्याचे तेथेही घडले; तथापि स्वयंपाकिणीच्या पदराला खार लावण्यापेक्षा ही रीत बरी, असे आमचे मत आहे. पण येथे दुसरी अडचण उभी राहिली. शाळेस एका सत्राचा माल एकदम हवा, आणि दोन एकरवाल्यापाशी विकावयास चार-सहा पोती! साहजिकच तेथेही पुष्कळदा व्यापाऱ्याचीच निविदा मंजूर झाली.

यावर उपाय म्हणजे शेतकऱ्यांचे गट. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शाळाभोजनाच्या केंद्रीय निधीतील निदान ३० टक्के खरेदी कुटुंबशेती करणाऱ्यांकडून करण्याचे बंधन घातले. त्या अनुभवाच्या आधारे २०१२ साली इथिओपिया, मलावी, मोझांबिक, नायजर व सेनेगल या पाच देशांत गटांमार्फत खरेदीचे प्रयोग झाले.

गटाचे काम केवळ पोती एकत्र करण्याचे नव्हे. केनियाच्या पूर्व भागात २००४ साली बुरशी लागलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन नामक विषाने १२५ माणसे दगावली. तो मका बहुतांशी शेतकऱ्यांच्या घरचा, ओलसर जागी साठविलेला होता. म्हणून शाळेस माल देणाऱ्या गटाने कणसे जमिनीवर न टाकता ताडपत्रीवर वाळवावीत, दाण्यातील ओलावा साडेतेरा टक्क्यांच्या खाली आणावा आणि मगच पोती शिवावीत. मापाचे यंत्र एकट्यास परवडत नसले तरी पन्नास घरांत मिळून एक घेता येते.