सेमिनारला क्वांटम घेताय? मग विषय लहान घ्या!

सोलापूरच्या नवी पेठेत मोबाइलचं कव्हर घ्या, क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे पोचले. इंटरनेटवरच्या अशा व्यवहारांना कुलूप लावणारी एक जुनी पद्धत म्हणजे आरएसए. तिचं गणित एका अडचणीवर उभं आहे : दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणं महाकठीण. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी सिद्ध केलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक ही अडचण दूर करू शकतो. आता सात क्युबिटांच्या (क्वांटम बिटांच्या) यंत्रावर शोर यांची रीत २००१ साली पहिल्यांदा चालवली, तेव्हा कोणती संख्या फोडली माहितीये? १५! उत्तर आलं ३ आणि ५. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने नव्या, क्वांटमला पुरून उरतील अशा कुलपांची पहिली तीन मानकं जाहीर केली. १५ पासून नव्या कुलपांपर्यंत, झाला की सेमिनारचा विषय!

‘क्वांटम कॉम्प्युटिंग : एक ओळख’ हा विषय मात्र कृपा करून घेऊ नका. श्रोडिंगरच्या मांजरापासून सुरुवात होते आणि मांजरापाशीच वेळ संपते. दहा मिनिटांत एकाच प्रश्नाचं उत्तर नीट देता येतं.

सोलापूरकरांना एक सुरुवात तर घरचीच आहे. चादरीवर नक्षी उठवणारा जेकार्ड माग. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असेल तर धागा उचलला जातो, नसेल तर नाही. हा माग १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये आला आणि पुढे चार्ल्स बॅबेज यांनी तशीच कार्डं आपल्या गणनयंत्रासाठी योजली. मागाचे जनक जाकार यांचं रेशमात विणलेलं चित्र बॅबेज यांच्याकडे होतं. ते विणायला सुमारे २४ हजार कार्डं लागली होती! भोक आहे किंवा नाही, हा झाला बिट. क्युबिटमध्ये दोन्हींचं मिश्रण राहू शकतं, पण मोजायला गेलात की हाती एकच लागतं.

म्हणूनच ‘क्वांटम संगणक सगळी उत्तरं एकदम तपासतो’ हे वाक्य स्लाइडवर टाकू नका. परीक्षक तिथेच पकडतील, आणि पकडायलाच हवं. चुकीच्या उत्तरांच्या लहरी एकमेकींना खोडतील आणि बरोबर उत्तराच्या लहरी एकमेकींना बळ देतील, अशी मांडणी करण्यात खरं कसब आहे. ते बघायचं तर लव ग्रोव्हर यांची १९९६ ची शोधरीत घ्या. ग्रोव्हर आयआयटी दिल्लीचे विद्यार्थी. समजा, १० लाख अस्ताव्यस्त नोंदींतून एक हवी आहे. साध्या संगणकाला सरासरी ५ लाख नोंदी बघाव्या लागतात, ग्रोव्हर यांच्या रीतीला सुमारे ७८५ फेऱ्या पुरतात. आणि त्याहून फेऱ्या वाढवल्या तर उत्तर सापडण्याची शक्यता पुन्हा घटू लागते! मला विचाराल तर सगळ्या विषयांत हा सर्वात देखणा.

नाटकाची हौस आहे? मग बीबी८४. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी गुप्त किल्ली पोचवण्याची ही पद्धत १९८४ च्या डिसेंबरात मांडली ती चक्क बंगळुरूच्या परिषदेत. सोलापूरहून उद्यान एक्सप्रेसने जाता येतं त्याच बंगळुरूत! तीन मित्र उभे करा : एक पाठवणारा, एक घेणारा, एक चोरून वाचणारा. नाणी उडवून खेळा. चोराने प्रत्येक प्रकाशकण मधेच मोजून पुढे पाठवला, तर जुळायला हव्या त्या बिटांपैकी साधारण एक चतुर्थांश चुकतात, आणि चोर उघडा पडतो.

थंडीचा विषय सोलापूरच्या मे महिन्यात विशेष रंगेल. अतिवाहक क्युबिट निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही शतांश भागांवर ठेवतात. ताऱ्यांमधली पोकळी त्या मानाने ऊबदार, सुमारे २.७ केल्विन. फोटोत दिसणारं ते सोनेरी झुंबर म्हणजे संगणक नव्हे, शीतयंत्राचा आतला भाग. चिप खाली, नखाएवढी. अशा चिपा मुंबईतही बनतात. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये घडवलेले सहा क्युबिट, पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने जुळवलेली नियंत्रण यंत्रणा आणि टीसीएसने केलेला क्लाउड दुवा, असा प्रोसेसर २०२४ मध्ये तपासून झाला. आपल्याच राज्यातल्या या कामावर कुणीतरी सेमिनार द्यावाच.

स्वतः काही चालवून दाखवायचं असेल तर तेही जमतं. आयबीएमने मे २०१६ मध्ये पाच क्युबिटांचं यंत्र इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि त्यांचं किस्किट हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. दोन क्युबिट, दोन गेट : एक हॅडामार्ड, एक सीनॉट. हजारदा चालवा. जवळपास निम्म्या वेळा ०० आणि निम्म्या वेळा ११. खऱ्या यंत्रावर मात्र थोडे ०१ आणि १० सुद्धा डोकावतात. ते आलेखातून पुसू नका, मोठे करून दाखवा. तो आहे गोंगाट, आणि त्याच्याशीच सगळ्यांची झुंज चाललीये. गुगलच्या १०५ क्युबिटांच्या विलो चिपची डिसेंबर २०२४ मध्ये बातमी झाली ती यासाठीच : चुका दुरुस्त करणारी जाळी मोठी केली, आणि चुका वाढण्याऐवजी कमी झाल्या.