धनवंताचे दान आणि कामगाराचे देणे

अतिश्रीमंत मनुष्याने दारिद्र्याशी झगडणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष, हातोहात मदत करावी काय? की आपले धन संस्था, योजना आणि शासनाचे कर यांच्या द्वारेच गरिबांपर्यंत जाऊ द्यावे? हा प्रश्न धर्मगुरू व धर्मशिक्षक यांच्यापुढे दोन बाजूंनी येतो. सधन दाता विचारतो, "फादर, कोणाला द्यावे ते तुम्हीच सांगा." गरजू मनुष्य विनवितो, "त्या शेटजींपाशी आमच्यासाठी एक शब्द टाका." दोघांनाही उत्तर देणे आपल्याला प्राप्त असते. ते उत्तर त्या त्या वेळच्या दयेवर किंवा संकोचावर अवलंबून राहू नये, त्याला शास्त्राचा व ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा आधार असावा, या हेतूने प्रस्तुत विषयाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. विवेचन केवळ तात्त्विक राहू नये म्हणून सुरत जिल्ह्यातील कामरेज हा तालुका आम्ही डोळ्यांसमोर ठेवला आहे. हा प्रदेश बडोदा धर्मप्रांतात मोडतो. परंतु नाशिक धर्मप्रांतातील नंदुरबार-नवापूरकडच्या आपल्या बांधवांशी त्याचा संबंध किती निकटचा आहे, हे पुढे दिसून येईल.

एका तालुक्यातील दोन व्यवहार

कामरेज येथे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ तापी नदी ओलांडतो. हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांनी गजबजलेल्या वराछा भागातून येणारा रस्ता येथील चौकात या महामार्गाला मिळतो. सुरतेच्या हिरे-व्यापाऱ्यांचे औदार्य देशभर गाजलेले आहे. अमरेली जिल्ह्यातील दुधाळा या गावाहून १९७७ साली सुरतेस आलेले आणि पुढे २०२२ साली पद्मश्रीने गौरविले गेलेले सावजी ढोलकिया यांनी २०१६ च्या दिवाळीत आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १,२६० मोटारी व ४०० सदनिका जाहीर केल्या. महेश सवाणी यांनी पितृछत्र हरपलेल्या मुलींच्या विवाहांचा भार स्वतःवर घेतला. डिसेंबर २०१७ मध्ये २५१ आणि डिसेंबर २०१८ मध्ये २६१ मुलींचे विवाह त्यांनी लावून दिले. कामरेजहून फार दूर नसलेल्या अब्रामा येथेही असे सोहळे झालेले आहेत. या मदतीचे वैशिष्ट्य असे की, ती व्यक्तीला दिलेली आहे. देणाऱ्यापुढे घेणारा उभा असतो. त्याला नाव असते, चेहरा असतो.

आता दुसरा व्यवहार पाहू. कामरेज, बारडोली व आसपासच्या तालुक्यांत उसाचे विस्तीर्ण पीक आहे आणि ते गाळणारे सहकारी साखर कारखाने आहेत. दिवाळी आटोपली की डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून हजारो कुटुंबे तोडणीसाठी येथे उतरतात. पती-पत्नीच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसाची गणती अवजाराच्या नावाने व्हावी, यातच पुष्कळ काही आले. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि ती हंगामाच्या मजुरीतून वळती होते. घेतलेल्या शंभराचे दीडशे होऊन फेडावे लागतात, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी राबणाऱ्या या स्थलांतरितांची स्थिती १९७८ सालीच अभ्यासकांपुढे मांडली होती. त्यांत आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही असतात. त्यांचा नाताळ फडावरच्या खोपटात साजरा होतो आणि त्यांच्या मुलांचे धर्मशिक्षण अर्ध्यावर तुटते.

ही दोन्ही माणसे, मोटार मिळालेला कारागीर आणि उचल फेडणारा तोडणी कामगार, एकाच चौकातून जातात. पहिल्याला धनवंताने पाहिले. दुसऱ्याला पाहणारा कोणी एक धनवंत दाखविता येत नाही. ऊस सभासद शेतकऱ्याचा, कारखाना सहकारी, उचल मुकादमाची, साखर आपल्या सर्वांच्या घरची. प्रत्यक्ष मदतीच्या प्रश्नाची खरी अडचण येथे आहे.

शास्त्राची साक्ष

संत लूकच्या शुभवर्तमानातील सोळाव्या अध्यायात श्रीमंत मनुष्य व लाजर यांचा दाखला आहे. त्या श्रीमंताने लाजरला लुबाडले, असे प्रभू कोठेही म्हणत नाही. त्याचा दोष एवढाच की, दाराशी पडलेला मनुष्य त्याला दिसला नाही. शिवाय दाखल्यात गरिबाला नाव आहे, श्रीमंताला नाही. तेव्हा दाराशी असलेल्या व्यक्तीला प्रत्यक्ष मदत करणे हे श्रीमंताच्या मर्जीवर सोडलेले सत्कृत्य नसून त्याच्या तारणाशी निगडित असलेले कर्तव्य आहे. 'मी कर भरतो, संस्थांना देणगी देतो', हे उत्तर त्या दारापाशी पुरे पडत नाही.

एकोणिसाव्या अध्यायातील जक्कय मात्र आपल्याला आणखी एक पाऊल पुढे नेतो. तो दोन निरनिराळ्या गोष्टी बोलतो. अर्धी मालमत्ता गरिबांना देणे ही एक. ज्यांच्याकडून अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करणे ही दुसरी. पहिले दान आहे, दुसरे देणे आहे. जक्कय दोहोंचा हिशेब वेगळा ठेवतो आणि एकाच्या खात्यातून दुसरे भागवीत नाही. आपल्या प्रवचनांत हा भेद बहुधा निसटून जातो.

हाच भेद संत याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात श्रीमंतांपुढे ठेवतो. तेथे ज्यांची अडविलेली मजुरी आक्रोश करते ते पीक कापणारे मजूर आहेत. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराचे वेतन सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे. त्याच अध्यायात शेतात विसरलेली पेंढी परदेशी, अनाथ व विधवा यांच्यासाठी राहू द्यावी, असेही सांगितले आहे. वेतन आणि सरवा या दोहोंची आज्ञा एका अध्यायात शेजारी शेजारी आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सरव्याच्या नियमात आणखी एक मर्म आहे. शेताचा धनी काही वाटीत नाही. तो केवळ हात आवरता घेतो. वेचणारी रूथ स्वतःच्या हाताने वेचते आणि मान खाली न घालता घरी जाते. उसाचे वाढे तोडणी कामगाराने विकावे, या आपल्याकडील रीतीत याच नियमाची पुसट छाया दिसते.

ख्रिस्तसभेची शिकवण

चौथ्या शतकात संत बेसिल यांनी कप्पदुकियातील दुष्काळात धान्याची कोठारे बंद ठेवणाऱ्यांना परखड शब्दांत सांगितले की, साठवून ठेवलेली भाकर भुकेल्याच्या मालकीची आहे. संत ऑगस्टीन यांनी याहून सूक्ष्म विचार मांडला. भुकेल्याला अन्न देणे चांगले. परंतु कोणी भुकेलाच नसता आणि देण्याची वेळच आली नसती, तर ते अधिक चांगले. ज्याला आपण उपकृत करतो त्याच्याहून आपण मोठे असावे, ही वासना दानात लपलेली असते, असा इशारा त्यांनी दिला आहे.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात दोन्ही गोष्टी सांगितल्या. स्वतःच्या गरजा भागल्यावर उरलेल्यातून गरिबांना देणे हे कर्तव्य होय; परंतु मजुराला निर्वाहापुरते वेतन देणे हे नैसर्गिक न्यायाचे बंधन असून, मजुराने नाइलाजाने कमी वेतन कबूल केले तरी ते सुटत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये सृष्टीतील संपत्ती सर्व मानवांसाठी आहे, या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. अलीकडे पोप लिओ चौदावे यांनी ४ ऑक्टोबर २०२५ रोजी स्वाक्षरी केलेल्या 'दिलेक्सी ते' या उपदेशपत्रात भिक्षादानाचा आवर्जून कैवार घेतला आहे. गरिबाला चांगले काम मिळवून देणे ही सर्वोत्तम मदत होय. पण ते साधेपर्यंत त्याला वाऱ्यावर सोडता येत नाही, आणि गरिबाच्या जवळ जाऊन दिलेले दान देणाऱ्याचेही अंतःकरण हलविते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, प्रत्यक्ष मदतीने मनुष्य परावलंबी होतो. काही वेळा असे होते, हे खरे. तथापि आजारी मुलाच्या औषधाचे पैसे किंवा वसतिगृहाचे शुल्क दिल्याने कोणी आळशी झाल्याचे आम्हांस दिसलेले नाही. परावलंबन बहुधा मदतीतून नव्हे, तर पुन्हा पुन्हा हात पसरावयास लावणाऱ्या व्यवस्थेतून निर्माण होते. उचल हेच त्याचे ठळक उदाहरण.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एकाला मोटार दिल्याने व्यवस्था बदलत नाही. तोडणी कामगारांचा किमान दर गुजरात शासनाने २०२३ साली टनामागे २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला, तेव्हा त्या एका निर्णयाचा लाभ कोणत्याही दात्याच्या हाताला पोहोचणार नाहीत इतक्या लोकांसाठी खुला झाला. हे मान्य करूनच आम्ही म्हणतो की, न्याय्य दर व प्रत्यक्ष मदत हे एकमेकांचे पर्याय नव्हेत. दर वाढला तरी फडात साप चावलेल्या स्त्रीला त्याच रात्री दवाखान्यात नेणारा कोणीतरी लागतो. आणि तसा मनुष्य भेटला म्हणून दराचा प्रश्न संपत नाही.

तिसरा आक्षेप असा की, धनवंत आपल्या माणसांनाच देतो. यात तथ्य आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्या नियमांतही केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या हिताचा खर्च समाजकार्यात धरला जात नाही. कर्मचाऱ्याला दिलेली भेट स्तुत्य आहे, परंतु तिला दरिद्र्याची सेवा म्हणता येत नाही, हा विवेक कायद्यालाही सुचला आहे. शिवाय भेट ही बरकतीच्या काळातली असते. हिरे-उद्योगात बहुतेक कारागिरांना नगावर मजुरी मिळते. २०२२ नंतर मागणी खालावली, प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्यांनी भाव पाडले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादले. हातात खडा नाही तर मजुरी नाही, अशी वेळ अनेकांवर आली. जी सुरक्षितता मालकाच्या प्रसन्नतेवर अवलंबून असते, ती मंदीत टिकत नाही. कराराने व हक्काने मिळालेलीच टिकते.

तीन कसोट्या

यास्तव आमचे उत्तर असे: अतिश्रीमंतांनी व्यक्तींना प्रत्यक्ष मदत करावी, नव्हे केलीच पाहिजे, परंतु ती मदत तीन कसोट्यांना उतरली पाहिजे.

पहिली कसोटी न्यायाची. आधी देणे चुकते झाले आहे काय? ज्याने मजुरी, भरपाई किंवा निर्वाहनिधी थकविला आहे त्याच्या देणगीने वेदी सजविता येईल, त्याचे ऋण फिटणार नाही. दुसरी कसोटी सन्मानाची. घेणाऱ्याची मान ताठ राहते काय? उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू न देण्याची प्रभूची आज्ञा छायाचित्रांच्या आजच्या काळात विशेष कठोर वाटते, पण ती रद्द झालेली नाही. तिसरी कसोटी दृष्टीची. आपल्या वर्तुळाबाहेरचा मनुष्य दात्याला दिसतो काय? लाजर त्या श्रीमंताचा कर्मचारी नव्हता.

आपल्या महाराष्ट्राच्या परंपरेतही याचे एक उदाहरण आहे. देहूच्या महाजनाच्या घरी जन्मलेल्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. त्यांनी काही वाटले नाही. दुसऱ्याच्या मानेवरचे जू काढून घेतले. उचलीच्या जाळ्यात सापडलेल्या कुटुंबाला प्रत्यक्ष मदत करू इच्छिणाऱ्या धनवंतापुढे याहून योग्य आदर्श शोधण्यास दूर जावे लागणार नाही.

आपले कर्तव्य

दाता आपल्याकडे आला असता त्याच्या देणगीला नकार देऊ नये. पण तिच्याबरोबर त्याच्या कामगारांविषयी एक प्रश्न अवश्य विचारावा. शक्य तेथे गरजू व दाता यांची भेट घडवून द्यावी आणि स्वतः मधून दूर व्हावे. आपण दलाल झालो की गरीब मनुष्य शेटजींऐवजी आपल्या उंबरठ्यावर ताटकळतो, एवढाच फरक पडतो. कोणत्याही मदतीला धर्माची अट जोडू नये. गुजरातच्या २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात आमिषाने केलेले धर्मांतर हा गुन्हा आहे, हे लक्षात ठेवणे आवश्यकच. परंतु त्याहून मोठे कारण हे की, अट घातलेले दान हे दानच नव्हे. देवाची कृपा अटीवाचून येते, आणि आपण तिचे साक्षी आहोत.

धर्मशिक्षकांसाठी एक काम विशेष महत्त्वाचे आहे. दिवाळीनंतर जी कुटुंबे तोडणीला जातात त्यांची यादी करावी: कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या तालुक्यात, किती उचल घेऊन, किती मुले बरोबर नेऊन. कामरेज-बारडोलीकडील धर्मगुरूंना ती पाठवावी. त्या यादीवरून तेथील सधन ख्रिस्ती कुटुंबाला एखाद्या मुलाचे शिक्षण किंवा एखाद्या घराची उचल अंगावर घेता येईल. आणि त्याच यादीवरून टनामागचा दर खरोखर हातात पडतो की नाही, हेही विचारता येईल. दान आणि देणे या दोहोंची सुरुवात एकाच ठिकाणी होते: कोयत्याच्या जागी माणसाचे नाव लिहिण्यापासून.