मिसिसिपीची माती आणि आपला केसपेपर

मेलिऑयडोसिस म्हणजे भातखाचरातल्या चिखलाचा, म्हणजे आपल्याकडचा आजार. अमेरिकेत सापडलाच तर तो विमानातून आलेला असणार, ही आपली समजूत. तिथल्या यंत्रणेचीही पुष्कळ काळ तीच होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. २०२१मध्ये जॉर्जिया, कॅन्सस, मिनेसोटा आणि टेक्सस या राज्यांत मिळून चार रुग्ण सापडले, त्यांतले दोन दगावले, आणि जिवाणू निघाला तो भारतात बनलेल्या सुगंधी फवाऱ्याच्या बाटलीत. मिसिसिपीच्या आखाती किनाऱ्यावरचं प्रकरण मात्र निराळं. तिथे २०२० आणि २०२२मध्ये, एकमेकांशी नातंगोतं नसलेल्या पण जवळपास राहणाऱ्या दोघांना हा आजार झाला. दोघांच्या शरीरातले जिवाणू जनुकीय पातळीवर जुळले, आणि त्यांचं कूळ आशियातलं नव्हे, अमेरिका खंडातलंच निघालं. मग सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, घरांच्या आसपासची माती आणि साचलेलं पाणी तपासलं. पहिल्या रुग्णाच्या आवारातल्या तीन नमुन्यांत जिवाणू सापडला. पाहुणा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं जात होतं, तो घरचाच ठरला.

हेवा वाटतो तो जनुकीय तपासणीच्या यंत्रांचा नाही. दोन वर्षांच्या अंतराने आलेले दोन कागद कुणीतरी शेजारी ठेवून पाहिले, याचा वाटतो. आपल्याला तर हा जिवाणू नवा नाही. तो प्रथम ओळखला गेला तो १९११च्या सुमारास रंगूनमध्ये, आणि डॉ. व्हिटमोर यांच्या बरोबरीने त्या कामात त्यांचे सहकारी कृष्णस्वामी होते. भारतातली पहिली नोंद १९९१ची, मुंबईतल्या एका मुलाची. २०१६च्या एका अंदाजानुसार जगात वर्षाला १,६५,००० लोकांना हा आजार होतो, त्यातले ४४ टक्के दक्षिण आशियात. तरीही ताप आणि फुप्फुसावर डाग दिसला की आपण आधी टीबीची औषधं सुरू करतो, आणि कल्चरमध्ये काही उगवलंच तर ‘स्युडोमोनास’ या दुसऱ्याच जिवाणूचं नाव लिहून मोकळे होतो. ‘जनुकीय तपासण्या आपल्याला परवडणार का?’ हा आक्षेप गैरलागू आहे. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्ही प्रतिजैविकांना दाद न देणारा, पण को-अमॉक्सिक्लॅव्हला बहुधा नमणारा जिवाणू दिसला तर शंका घ्यायला साधी प्रयोगशाळाही पुरते. दुसरा आक्षेप जास्त खरा: अमेरिका हे काळजीपोटी करत नाही, भीतीपोटी करते, कारण जैविक अस्त्र म्हणून वापरले जाण्याची भीती असलेल्या जंतूंच्या तिच्या यादीत हा जिवाणू वरच्या वर्गात आहे. खरं आहे, आणि चीड आणणारंही. पण भीतीपोटी का होईना, रुग्ण परदेशी गेलेला नसला तरी शंका घ्या, असं आखाती किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना कळवलं गेलं. आपल्या केसपेपरवर ‘शेती’ आणि ‘मधुमेह’ हे या आजाराचा धोका सांगणारे दोन्ही शब्द कित्येकदा आधीच लिहिलेले असतात. रक्ताच्या बाटलीबरोबर ते प्रयोगशाळेपर्यंत जात नाहीत, एवढंच.