वेडाचा बचाव व डॉक्टरांची साक्ष

खुनाच्या खटल्यांतील वेडाच्या बचावाचा नियम मॅक्नॉटनच्या अपिलांत ठरला, ही समजूत आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. डॅनियल मॅक्नॉटन यानें जानेवारी १८४३ मध्यें लंडन येथें मुख्य प्रधान पील यांचे चिटणीस ड्रमंड यांजवर गोळी झाडली. ते पांच दिवसांनीं वारले. डॉक्टरांच्या साक्षी ऐकून ज्यूरीनें आरोपीस वेडामुळें निर्दोष ठरविलें. सबब अपील झालेंच नाहीं. पुढें लोकक्षोभामुळें उमरावांच्या सभेनें न्यायाधीशांस प्रश्न विचारिले. त्यांच्या उत्तरांतून तो नियम निघाला. डॉक्टरांनीं रोग सांगावा. कृत्याचें स्वरूप किंवा त्याचें गैरपण आरोपीस कळत नव्हतें काय, हें ज्यूरीनें ठरवावें. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचें ८४ वें कलम त्याच धर्तीवर रचिलें गेलें. मात्र या कसोटीनें स्वतः मॅक्नॉटन सुटला असता, असें आम्हांस खात्रीनें म्हणवत नाहीं.