दुकानाची डिजिटल वही (भाग ४) : पाटील नेमके कुठले?

गेल्या भागात आपण दुकानाचे विखुरलेले नंबर एका गुगल खात्यात गोळा केले. सिमवरचे, जुन्या मोबाइलमधले, बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर पेनानं खरडलेले, सगळे. यादी एका जागी आली, पण तिला अजून वळण लागलेलं नाही. ते काम आज करू. उदाहरणाला सदलग्यातलं मोटार रिवाइंडिंगचं एखादं दुकान घेऊ. दूधगंगेकाठचा हा उसाचा पट्टा. गिऱ्हाईक शमनेवाडी, जनवाड, बोरगावचं, तसंच नदीपलीकडच्या महाराष्ट्रातल्या दत्तवाड, घोसरवाडचंही. मोटारी वर्षभर जळतात आणि फोन वर्षभर वाजतो.

अशा दुकानदाराच्या मोबाइलमध्ये 'पाटील' टाइप करून बघा. पाटील मोटर, पाटील अण्णा, पाटील नवीन, पाटील २, नुसतेच पाटील. मालक गल्ल्यावर असेल तर काही अडत नाही. आवाजावरून त्याला माणूस कळतो. तो कॉपर वायर आणायला कोल्हापूरला गेला आणि फोन कामावरच्या पोराकडं राहिला की पंचाईत होते. "मी पाटील बोलतोय, मोटार झाली काय रे?" दुकानात मोटारी पडल्यात सहा, त्यातल्या तीन पाटलांच्या. पोरगं काय सांगणार? दुकानाची सगळी माहिती मालकाच्या डोक्यात आहे, तोवर मालकाला सुट्टी नाही. ती डोक्यातून काढून यादीत उतरवणं, एवढंच या सॉफ्टवेअरचं काम आहे.

सुरुवात नावापासून करा. आडनाव, नाव, गाव. क्रम कायम हाच. एकाच गावात एकाच नावाचे दोघं निघाले तर पुढं वडिलांचं किंवा मळ्याचं नाव जोडा. 'नवीन', 'जुने', '२' असले शब्द आजच काढून टाका. सहा महिन्यांपूर्वीचं नवीन गिऱ्हाईक आज नवीन राहिलेलं नसतं.

मग लिपी ठरवा. सीमाभागात हा प्रश्न हमखास येतो. मालक मराठीत नंबर सेव्ह करतो, कन्नड शाळेत शिकलेलं पोरगं कन्नडमध्ये, आणि हुबळीचा एजंट स्वतःचं नाव इंग्रजीत घालून देतो. मराठीत शोधलं की कन्नडमधलं नाव सापडत नाही. मग तोच नंबर पुन्हा सेव्ह होतो. दुकानातल्या सगळ्यांना टाइप करता येईल अशी एकच लिपी ठरवा. ती इंग्रजी असेल तर चौगुले, मगदूम यांचं स्पेलिंगही एकदाच पक्कं करा आणि भिंतीवर चिकटवा.

आधीच दुबार झालेल्या नोंदींसाठी गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये 'मर्ज अँड फिक्स' आहे. ते जोड्या सुचवतं, पण 'मर्ज ऑल' एका दमात दाबू नका. बाप-लेक एकच नंबर वापरत असतील, तर दोघांचा एक माणूस होऊन बसेल. गडबड झालीच तर संगणकावर गुगल कॉन्टॅक्ट्स उघडा. 'अनडू चेंजेस'मधून गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या वेळेपर्यंत यादी मागं नेता येते.

आता नोट्सचा रकाना. बहुतेकांनी तो कधी उघडलेलाच नसतो. आपल्या रिवाइंडिंगवाल्यानं तिथं काय लिहावं? हे बघा: "५ एचपी सबमर्सिबल, थ्री फेज. नदीकाठ. १२ मार्चला वाइंडिंग, बेअरिंग नवीन. बाकी ८००. फोन संध्याकाळी सहानंतर." एवढं पुरतं. तीच मोटार दोन महिन्यांत पुन्हा जळून आली, तर तारीख समोर असते आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालावी लागत नाही. एक फेज गेली असताना मोटार चालू राहिली होती का, स्टार्टरचा रिले नीट आहे का, हे आधी तपासायचं तेही सुचतं. लिहिताना लांबण लावू नका. गिऱ्हाईक समोर उभं असताना अर्ध्या मिनिटात लिहून होईल तेवढंच टिकतं.

नदीच्या दोन्ही काठांना धंदा असेल तर राज्याची नोंद विसरू नका. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे: कर्नाटकचा २९, महाराष्ट्राचा २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा किंवा फर्मचा पॅन. सदलग्यातून चिकोडीच्या दुकानाला माल दिला तर बिलात सीजीएसटी आणि एसजीएसटी लागतो. इचलकरंजीच्या कारखान्याला दिला तर आयजीएसटी. अंतराचा इथं काही संबंध नाही. नंबर नावापाशीच असला की बिल करताना फोनाफोनी होत नाही. वीजही बघा: इकडं हेस्कॉम, तिकडं महावितरण. दुरुस्त मोटार बसवायला माणूस पाठवायचा, तर तिथं थ्री फेज कधी असते हे नोट्समध्ये असलेलं बरं.

यानंतर लेबलं. गावाचं एक, कामाचं एक, एवढ्यावर थांबा. आपल्या दुकानाला सगळ्यांत उपयोगी पडेल ते 'नदीकाठ'. २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा महापूर या भागानं बघितलाय. काळम्मावाडी धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की काठावरच्या मोटारी वर काढायची घाई उडते. त्या दिवशी दुकानातून 'नदीकाठ'वाल्यांना एक मेसेज गेला, "पाणी वाढतंय, मोटारी काढून घ्या", तर गिऱ्हाइकाची मोटार वाचते. अशा मेसेजमुळं दुकान जेवढं लक्षात राहतं, तेवढं दिवाळीच्या शुभेच्छांमुळं राहत नाही.

हा मेसेज व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टनं पाठवता येतो. एका यादीत २५६ जण बसतात. मात्र ज्यानं तुमचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये सेव्ह केलाय, त्यालाच तो पोचतो. म्हणून मोटार परत देताना गिऱ्हाइकाच्या हातूनच नंबर सेव्ह करून घ्या. व्हॉट्सॲप बिझनेसमधली लेबलं वेगळी असतात, ती गुगलमध्ये आपोआप येत नाहीत. गोंधळ नको असेल तर तिथं फक्त 'पैसे बाकी' आणि 'काम तयार' ठेवा.

पैसे भरून सॉफ्टवेअर घ्यायचं का, असं पुष्कळ वाचक विचारतात. झोहोचं 'बिगिन' २०२० मध्ये छोट्या धंद्यांसाठीच आलं, आणि तशी इतरही आहेत. दोन-तीन माणसं एकाच गिऱ्हाइकाशी बोलत असतील, कुणी काय भाव सांगितला याचा मेळ लागत नसेल, तर जरूर बघा. एका मोबाइलवर धंदा चालत असेल तर थांबा. नावांना वळण नसेल तर महागड्या सॉफ्टवेअरमध्येही तेच पाच पाटील जाऊन बसतील.

या आठवड्याचं काम: रोज वीस नावं घ्या, जास्त नको. नाव क्रमात लावा, गाव घाला, आठवेल तेवढं नोट्समध्ये लिहा. रविवारी फोन पोराच्या हातात द्या आणि विचारा, घोसरवाडची कुठली मोटार कधी केली आणि बाकी किती? त्यानं तुम्हाला न विचारता सांगितलं तर वही तयार झाली.

पुढच्या भागात : उधारीची आठवण कशी करायची, गिऱ्हाईक न दुखावता.